टनामागे दोन रुपये: साखर कारखान्यांच्या अध्यक्ष-संचालकांना खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व संचालक मंडळ,
महाराष्ट्रातले सर्व सहकारी आणि खासगी साखर कारखाने

विषय: ऊसतोडीला येणाऱ्या गरोदर बायका आणि त्यांची सहा वर्षांखालची मुलं यांच्या आहारासाठी गाळलेल्या उसाच्या टनामागे दोन रुपये

स. न. वि. वि.

तोडणीच्या टोळ्या जमवणारे मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटायला गावोगाव फिरू लागले की आमच्या बीड जिल्ह्यात हंगामाची चाहूल लागते. यंदाही फिरू लागलेत. करारांवर अंगठे आणि सह्या पडायच्या आत हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून आत्ता लिहिते आहे, कारण एकदा कोयता, म्हणजे तोडणीची नवरा-बायकोची जोडी, गावाबाहेर पडला की कुणाच्याच हातात काही राहत नाही.

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका होते, आता निवृत्त आहे. नोकरीभर वजनाच्या नोंदवह्या तपासल्या. आमच्या भागातल्या वह्यांचं एक वैशिष्ट्य तुम्हाला सांगते. जून ते ऑक्टोबर प्रत्येक नावापुढे वजन भरलेलं असतं. नोव्हेंबर ते एप्रिल पानंच्या पानं एकाच शेऱ्याने भरतात: 'स्थलांतरित'. त्या सहा महिन्यांत पोर किती वाढलं, त्याच्या आईने काय खाल्लं, याचा कागद आमच्याकडे नाही आणि ती जिथे जाते तिथेही नाही. ती तुमच्याकडे येते. तुमच्या गळीत हंगामाचे महिने आणि तिच्या पोटातल्या बाळाचं शरीर घडण्याचे महिने बऱ्याचदा एकच असतात. मला जे म्हणायचं आहे ते एवढ्यावरच उभं आहे.

ऊसतोड्यांच्या हालअपेष्टांवर भाषणं पुष्कळ झाली, त्यात मी भर घालत नाही. मी तुमच्या साखरेबद्दल बोलणार आहे, रक्तातल्या.

तुमच्यापैकी किती जणांच्या खिशात मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी असते ते तुमचं तुम्हाला माहीत. आपल्याकडे समज असा की हा खाऊनपिऊन सुखी माणसाचा रोग; पोट सुटलं, बसून काम, लग्नसराईतली जेवणं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजाला मुळापासून हात घातला. १९९३ साली त्यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत लग्न झालेल्या बायकांची नोंद सुरू केली. गरोदर होण्याआधीपासून वजन, उंची, खाणं, शेतातलं काम सगळं लिहून घेतलं, आणि मग त्यांना झालेल्या मुलांचा पाठपुरावा केला. तो आजही चालू आहे. त्या आया म्हणजे आपल्याच बायका: सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४२ किलो. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास. त्याच पद्धतीने इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची बाळं मोजली, ती ३.५ किलोची. आपलं बाळ लहान, यात नवल नव्हतं. नवल पुढेच होतं. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळाइतकी. वरून काटकुळं आणि आतून चरबीचं.

ही मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची साखर तपासली. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर ठीक नव्हती; मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि याच तरुणांपैकी ४८ टक्क्यांचं वजन कमी भरत होतं! म्हणजे उपाशी दिसणाऱ्या पोरांच्या रक्तात सुखी माणसाचा रोग.

याज्ञिकांचा एक फोटो डॉक्टर मंडळींत प्रसिद्ध आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका बाजूला ते स्वतः, दुसऱ्या बाजूला त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. पुढच्या सर्वसाधारण सभेला व्यासपीठावर बसाल तेव्हा आजूबाजूला एकदा बघा. सडसडीत दिसतात म्हणून सगळे सुटले असं नाही.

हे पोटात असताना कसं घडतं, ते मला डॉक्टरांच्या प्रशिक्षणात समजलं तसं सांगते. आईकडून येणारं अन्न तुटपुंजं असलं की बाळ आधी मेंदू सांभाळतं. काटछाट होते ती स्नायूंत, स्वादुपिंडात, मूत्रपिंडात. मूत्रपिंडातल्या गाळण्या जन्माच्या आधीच मोजून तयार होतात, नंतर एकही वाढत नाही. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचा पायाही तेव्हाच घातला जातो. असं बाळ पुढे तालुक्याला गेलं, चार पैसे मिळवू लागलं, वडापाव-भजी खाऊ लागलं, की ते तोकडं भांडवल पुरत नाही. चाळिशीच्या आत साखर आणि रक्तदाब. मग आपण म्हणतो, 'नोकरी लागली आणि जीवनशैली बिघडली.'

तुम्हाला हे पटवायला इंग्लंडला जायची गरज नाही, पण तिथली एक गोष्ट मला फार जवळची आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. हर्टफर्डशायर नावाच्या परगण्यात १९११ पासून नर्सबाई घरोघर जाऊन बाळांचं वजन लिहीत होत्या. जन्माचं एक, वर्ष पूर्ण झाल्यावरचं एक. त्या वह्या पडून राहिल्या. पुढे डेव्हिड बार्कर या डॉक्टरांना त्या सापडल्या आणि त्यांनी त्यातल्या ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं याचा माग काढला. १९८९ साली निष्कर्ष छापून आला: जन्मताना आणि वर्षाचे असताना जे सर्वांत हलके होते, तेच हृदयविकाराने सर्वांत जास्त गेले. साठ वर्षांपूर्वी एका खेडवळ नर्सने तागडीत टाकलेलं बाळ आणि साठीतला हार्ट अटॅक यांचा संबंध लागला तो वहीमुळे. आम्ही वजनं लिहितो तेव्हा वरून येणारे साहेब म्हणतात, 'बाई, कागदं रंगवता.' रंगवतो खरं. पण बीडच्या वह्यांत सहा महिन्यांची पानं कोरी, हे दुखणं हर्टफर्डशायरच्या बायांना नव्हतं.

आता तुमच्या तळावर येते.

एका जानेवारीत कृष्णाकाठच्या तळावर गेले होते. आमच्याच तालुक्यातल्या टोळ्या तिथे उतरलेल्या. ताडपत्रीच्या कोप्या, मध्ये चिखल, पाण्याचा टँकर रस्त्याला. एक पोरगी भेटली. वय एकोणीस सांगितलं, दिसत होती सोळाची. सातवा महिना. पहाटे तीनला उठून भाकरी थापून ती नवऱ्याबरोबर फडात गेली होती. अकरा वाजता फडक्यातून जेवण सोडलं: बाजरीच्या दोन भाकरी, ठेचा, कांदा. वर कोरा चहा. डाळ नाही, भाजी नाही, दुधाचा तर प्रश्नच नाही. लोहाच्या गोळ्या विचारल्या तर म्हणाली, 'कारड आन् गोळ्या गावाकडंच ऱ्हायल्या, सासूच्या पेटीत.' पाचटावर तिचं पहिलं पोर बसलेलं, दीड वर्षाचं, हातात बिस्किटाचा पुडा. माझ्या पर्समध्ये दंड मोजायची पट्टी असायचीच. पोराच्या दंडाला लावली, ती लाल रंगावर थांबली. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. म्हणजे अतितीव्र कुपोषित, लगेच उपचार. मी मोजेपर्यंत ती उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि तीसेक किलोची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढली. डोकी सेंटर होतं, म्हणजे मोळ्या डोक्यावरून वाहायच्या; बैलगाडी नव्हती.

तिथल्या अंगणवाडीताईंकडे गेले. बाई चांगली होती. म्हणाली, 'मॅडम, माझा माल पटावरच्या नावांच्या हिशोबाने येतो. यांना दिलं तर माझी पोरं उपाशी.' तिचं चूक नव्हतं. कायद्याने, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने, प्रत्येक गरोदर बाईला बाळंत होऊन सहा महिने होईपर्यंत अंगणवाडीतून मोफत आहार मिळायलाच हवा. पण तो हक्क बीडच्या पटावर अडकून पडतो आणि बाई सांगली-कोल्हापूरच्या फडात असते. सरकारने स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणक प्रणाली आणली, पोषण ट्रॅकर मोबाइलवर आला. नाव एका गावाहून दुसऱ्या गावाला हलवता येतं. नाव हलतं, पण ताट त्याच्यामागे हलतंच असं नाही, आणि मुळात फडातल्या कोपीवर जाऊन ते नाव शोधणार कोण?

नुसतं अन्नच नाही. पुण्याच्या त्याच अभ्यासात दिसलं की गरोदरपणात ज्या बायकांच्या वाट्याला शेतातलं आणि पाणी भरण्याचं कष्टाचं काम जास्त, त्यांची बाळं आणखी लहान. आणि ज्या हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खायच्या, त्यांची बाळं चांगली. काही महागडं टॉनिक नाही; मेथी, शेपू, पेरू, कपभर दूध. आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलं तर मुलाचं इन्सुलिन सहाव्या वर्षीच नीट काम करत नाही, असंही त्यांनी २००८ मध्ये दाखवलं. बी-१२ दूध, अंडी, मटण-मासळीतून मिळतं. भाकरी-ठेच्यात ते नावालाही नाही. आम्ही मात्र वर्षानुवर्षं लोह आणि फोलिक अ‍ॅसिडची गोळी हातावर ठेवून कर्तव्य संपलं असं मानत आलो.

आणि वय. बीडमध्ये २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतलं आहे. यात तुमचा हात नाही असं म्हणू नका. तुमच्या व्यवस्थेत उचल मिळते ती जोडीला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. पोरगा कमावता व्हायचा तर त्याला जोडी हवी, म्हणून दिवाळीच्या आत लग्न उरकतात. ती पोरगी स्वतःच अजून वाढत असते. तिच्या अंगाला लागायचं ते पोटातलं मागतं, आणि दोघांनाही पुरत नाही. गर्भाशय काढण्याच्या प्रकरणाची समिती बसली तेव्हा जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अनेकींची, कामाला खाडा पडू नये म्हणून. त्यावर खूप लिहून आलं, मी इथे थांबते. पण पिशवी काढण्याआधी त्या पिशवीतून जी बाळं आली ती कशी वाढली, हे कुणी विचारलं नाही.

तुम्ही सगळे उसातले जाणकार, म्हणून तुमच्याच भाषेत बोलते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून मूलभूत बेणं आणायचं, त्याचं पायाभूत, त्याचं प्रमाणित, असा त्रिस्तरीय बेणेमळा तुम्ही काळजीने करता. बेणं दहा-अकरा महिन्यांचं, रसरशीत, निरोगी हवं यासाठी शेती खातं शेतकऱ्याच्या मागे लागतं, कारण खराब बेण्यावर पुढे कितीही खत ओतलं तरी उतारा मिळत नाही, हे तुम्ही जाणता. माणसाच्या बाबतीत मात्र आपण बेणं फडात टाकून देतो आणि पुढे पन्नाशीत डायलिसिसचं मशीन लोकार्पण करतो, तुमच्याच ट्रस्टच्या दवाखान्यात, फीत कापून.

तुमचं उत्तर मला पाठ आहे. 'ते आमचे कामगार नाहीत, मुकादमाचे आहेत, वाहतूक ठेकेदाराचे आहेत.' कागदावर खरं आहे. पण तोडणी-वाहतुकीचा खर्च तुम्ही शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दरातून, कापता, तोडणीचा कार्यक्रम तुम्ही लावता, फडावर नोंदी ठेवणारा चिटबॉय तुमचा, तळाची जागा तुमच्या कार्यक्षेत्रात. दुसरं उत्तर, 'ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये आमच्याकडून ठरलेच आहेत.' ठरलेत, आणि त्यातून वसतिगृहं होतायत, चांगलंच आहे. पण वसतिगृहात जातो तो शाळेतला मुलगा. तोपर्यंत त्याची मूत्रपिंडं, स्वादुपिंड, उंची यांचा निकाल लागून गेलेला असतो. मला बोलायचं आहे ते त्याच्या आधीच्या हजार दिवसांचं: पोटातले नऊ महिने आणि पुढची दोन वर्षं.

हिशोब करून दाखवते. गरोदर किंवा स्तनदा बाईला रोज एक गरम ताट: भाकरी-भात, घट्ट वरण, पालेभाजी, एक अंडं, अंडं न खाणारीला दूध किंवा दही. तळावर मोठ्या पातेल्यात शिजवलं तर चाळीस रुपये धरू. १५० दिवसांचे ६,००० रुपये. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याने टनामागे दोन रुपये काढले तर दहा लाख, म्हणजे १६६ बायांचा अख्खा हंगाम. दोन हजार कोयत्यांच्या कारखान्यात एका वेळी इतक्या पोटुश्या आणि ओल्या बाळंतिणी माझ्या अंदाजाने निघणार नाहीत. उरेल त्यात लहानग्यांना अंडं देता येईल. आदिवासी भागात गरोदर बाईला एक चौरस जेवण द्यायची अमृत आहार योजना राज्य सरकार २०१५ पासून चालवतं आहे. तेच ताट फडात न्यायचं, नवं काही शोधायचं नाही. सरकारने अर्धं घातलं तर दोनाचा एकच रुपया होईल, पण त्याची वाट बघू नका. अंगणवाडीतल्या गरोदर बाईच्या आहाराला २०१७ साली दिवसाला साडेनऊ रुपये ठरले होते. साडेनऊ रुपयांत अंडं घेतल्यावर डाळीला काय उरतं, ते तुमच्या कँटीनवाल्याला विचारा.

ताटाबरोबर दोन गोष्टी कराराच्या नमुन्यात लिहून घ्या. सहाव्या महिन्यापासून बाईच्या डोक्यावर मोळी नाही. पाचट काढायचं, मोळ्या बांधायचं हलकं काम तिला, आणि दर तेवढाच. तपासणीच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही. मुकादम कुरकुर करतील. करू द्या, त्यांचं कमिशन तुम्ही देता.

राहिली अंगणवाडी. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. तुमचे मोठे तळ त्यात सहज बसतात. अडचण एवढीच की कोप्या पडतात नोव्हेंबरात, मागणी होते डिसेंबरात आणि तीन महिने मोजले तर पट्टा पडायची, म्हणजे हंगाम संपायची, वेळ आलेली असते. म्हणून मागणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जायला हवी, कोपी पडायच्या आधी. ती कोपीतली बाई करू शकत नाही, ती तेव्हा गावात खुरपत असते. तुमचा शेती अधिकारी करू शकतो. मागच्या हंगामात कोणत्या शिवारात कोणती टोळी उतरली याची यादी चिटबॉयकडे असतेच. त्यावरून तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना एक पत्र: अमुक गाव, अमुक तळ, अंदाजे इतक्या कोप्या, इतकी मुलं, यंदाही येणार. आणि मुकादमाशी करार करताना जोडीच्या नावापुढे तीन रकाने वाढवा: बाई गरोदर आहे का, कितवा महिना, सोबत सहा वर्षांखालची मुलं किती. ती यादी करार झाल्याबरोबर बीडच्या प्रकल्प कार्यालयाला एक प्रत आणि तुमच्या तालुक्याला एक.

या पत्राचा आणि त्या तीन रकान्यांचा नमुना मी करून ठेवला आहे, एका पानात बसतो. सप्टेंबरातल्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर टनामागे दोन रुपयांचा विषय घ्यायचा असेल तर तेवढ्याच आकाराची टिपणीही देईन. ज्या कारखान्याला हवं आहे त्याने कळवावं, मी स्वतः येऊन शेती खात्याच्या माणसांना समजावून सांगेन.

आपली नम्र,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका
जिल्हा बीड